ग्रेगरी व्लास्टोस : प्रश्न विचारण्यात गेलेले आयुष्य

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला सांगितले होते की, गिरणी कामगारांच्या लढ्यावर बोला. त्यावर आम्ही या ओट्यावरून पुष्कळ वेळा बोललो आहोत. आज वेगळा विषय घेतो. विषय आहे एका प्राध्यापकाचा, ज्याने उभा जन्म प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात घालवला. तुम्ही म्हणाल, काका, तुमचं डोकं फिरलं काय? ग्रीस कुठे, आपली वस्ती कुठे! तर हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो.

तीन महिन्यांपूर्वी आपल्या वस्तीतले एक बंधू आमच्याकडे आले. त्यांची मुलगी तत्त्वज्ञान विषय घेऊन बी. ए. झाली. आता तिला एम. ए. करायचे आहे, आणि पुढे ग्रीक तत्त्वज्ञानात संशोधन करून प्राध्यापक व्हायचे आहे. वडील हवालदिल. म्हणाले, "दादा, तुम्ही तिला समजावा. बँकेची परीक्षा दे म्हणावं. ग्रीक शिकून पोट भरतं का? आणि असले अभ्यास आपल्या लोकांसाठी असतात का?" आम्ही म्हटले, पाठवा मुलीला. मुलगी आली ती पुस्तके घेऊनच आली. आम्ही समजवायला बसलो आणि आम्हीच ऐकत राहिलो.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. 1988 साली आम्ही बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो, पुढे साचे खात्यात कायम झालो. वाचन जे काही झाले ते रात्रपाळी संपवून आल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तके घेऊन. तर त्या मुलीने पहिल्याच दिवशी आम्हाला ॲरिस्टॉटलचे एक वाक्य समजावून सांगितले. ॲरिस्टॉटल म्हणजे प्लेटोचा शिष्य, चोवीसशे वर्षांपूर्वीचा माणूस. राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात तो गुलामाला जिवंत हत्यार म्हणतो, आणि सांगतो की, धोटा जर आपोआप कापड विणू लागला, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. बंधू-भगिनींनो, आम्ही जागच्या जागी थक्क झालो. धोट्याचा आवाज ऐकत आमची जवानी गेली. आपोआप विणणारे साचे आमच्या डोळ्यांदेखत आले. गुलाम सुटले का ते माहीत नाही, कामगार मात्र घरी बसले. हजारो मैलांवरचा तो तत्त्ववेत्ता आमच्याच खात्याबद्दल बोलत होता. मग आम्ही तिला विचारले, या लोकांचा अभ्यास करणारे काय करतात ते तरी सांग. तेव्हा तिने ग्रेगरी व्लास्टोस हे नाव सांगितले.

व्लास्टोस यांचा जन्म 1907 साली इस्तंबूलला झाला. वडील ग्रीक, आई स्कॉटिश. शाळा-कॉलेज तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात. पुढे अमेरिकेत शिकागो येथे त्यांनी धर्मशास्त्राची पदवी घेतली आणि 1931 साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तिथे व्हाइटहेड हे मोठे तत्त्वज्ञ त्यांचे गुरू होते. 1931 म्हणजे जागतिक मंदीचा काळ. त्या वर्षी त्यांना कॅनडात किंग्स्टन गावच्या क्वीन्स विद्यापीठात नोकरी लागली. तिथे त्यांनी 1948 पर्यंत शिकवले. नंतर 1955 पर्यंत कॉर्नेल, 1976 पर्यंत प्रिन्स्टन, आणि त्यानंतर 1987 पर्यंत बर्कले. 1991 साली वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे साठ वर्षे एकच काम. आपल्याकडे गिरणीत चाळीस वर्षे केली तरी लोक म्हणतात, बापरे!

आता हे काम म्हणजे नेमके काय? सॉक्रेटिस हा ग्रीस देशातल्या अथेन्स शहराचा. बाप पाथरवट, आई सुईण. स्वतः एक ओळ लिहिली नाही. बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारायचा : न्याय म्हणजे काय? धैर्य म्हणजे काय? इ. स. पूर्व 399 मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने त्याला देहदंड दिला आणि त्याने विषाचा प्याला घेतला. त्याचा शिष्य प्लेटो याने पुष्कळ संवाद लिहिले आणि बहुतेक संवादांत सॉक्रेटिस हेच मुख्य पात्र ठेवले. मग प्रश्न असा की, यातले सॉक्रेटिसचे काय आणि प्लेटोचे काय? गुरूच्या तोंडी शिष्याने स्वतःचे किती घातले? आपल्यालाही हा प्रश्न नवा नाही. बुद्धवचन कोणते आणि मागाहून कोणी घातलेले कोणते, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलाच आहे.

व्लास्टोस यांनी मूळ ग्रीकमधून ओळ न् ओळ तपासली. त्यांचे म्हणणे असे की, प्लेटोने आधी लिहिलेल्या संवादांतला सॉक्रेटिस आणि मधल्या काळातल्या संवादांतला सॉक्रेटिस ही नावाने एक असली तरी विचाराने दोन माणसे आहेत. पहिला म्हणतो, तरुण असो की म्हातारा, गावचा असो की परका, श्रीमंत असो की गरीब, जो भेटेल त्याच्याशी मी चर्चा करीन. त्याच्या मते तत्त्वज्ञान सगळ्यांचे. दुसरा सॉक्रेटिस, म्हणजे खरे पाहता प्लेटो, 'रिपब्लिक' ग्रंथात सांगतो की, निवडलेल्या थोड्या लोकांनी दहा वर्षे गणित शिकावे, मग तिसाव्या वर्षी त्यांना तत्त्वचर्चेला बसवावे. बाकीच्यांनी आपापले काम करावे आणि या शहाण्यांचे ऐकावे. सगळेच अभ्यासक हा निष्कर्ष मानतात असे नाही, त्यावर वाद चालू आहे. पण आमच्या शेजारच्या बंधूंचा जो प्रश्न होता, असले अभ्यास आपल्या लोकांसाठी असतात का, त्याचे एक उत्तर पाथरवटाच्या मुलाने दिले आणि दुसरे उत्तर त्याच्या बड्या घरच्या शिष्याने दिले. दोन्ही उत्तरे एकाच नावाखाली दडलेली होती. ती वेगळी करून दाखवण्याचे काम या प्राध्यापकाने केले.

दुसरी गोष्ट गुलामगिरीची. 1941 साली, महायुद्ध चालू असताना, व्लास्टोस यांनी प्लेटोच्या विचारातील गुलामगिरी या विषयावर निबंध लिहिला. मोठमोठे विद्वान प्लेटोची पूजा करीत होते. त्याच्या लिखाणात गुलाम येतात ते असेच, त्या काळाची रीत म्हणून, असे समजून पुढे जात होते. व्लास्टोस तिथे थांबले. त्यांनी दाखवले की, गुलामगिरी ही प्लेटोच्या विचाराच्या कडेला नाही, आतल्या चौकटीतच आहे. प्लेटोच्या मते गुलामाला 'लोगोस' नसतो, म्हणजे कारण समजण्याची आणि सांगण्याची शक्ती नसते. म्हणून ज्याला ती आहे त्याने हुकूम द्यावा आणि ज्याला नाही त्याने पाळावा. हाच साचा तो राज्याला लावतो, माणसाच्या मनाला लावतो, सगळ्या विश्वाला लावतो.

याचा एक दाखला प्लेटोच्या 'लॉज' ग्रंथात आहे. तिथे दोन प्रकारचे डॉक्टर सांगितले आहेत. गुलामांवर उपचार करणारा डॉक्टर स्वतःही बहुधा गुलामच. तो रोग्याला काही विचारत नाही, काही सांगत नाही, औषध फर्मावतो आणि पुढच्याकडे पळतो. स्वतंत्र नागरिकाचा डॉक्टर रोग्याजवळ बसतो, घरच्यांशी बोलतो, रोग समजावून सांगतो आणि रोग्याला पटल्याशिवाय औषध देत नाही. माता-भगिनींनो, हे दोन्ही डॉक्टर तुम्ही पाहिलेले आहेत. कुठल्या रांगेत कुठला भेटतो हेही तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला कारण सांगितले जात नाही, त्याला कोणत्या पायरीवर बसवले आहे ते ओळखावे.

आणि आमच्यासारख्यांचे काय? 'रिपब्लिक'मध्ये प्लेटो म्हणतो की, हाताने काम करणाऱ्याच्या मनातला विवेकाचा भाग मुळात दुबळा असतो, म्हणून त्याने विवेकवंताचा गुलाम व्हावे, त्यातच त्याचे भले. हे ऐकले तेव्हा आम्ही त्या मुलीला म्हटले, "पोरी, हे तर आम्ही मुकादमाच्या तोंडून ऐकलंय. प्लेटोचं नाव तेवढं माहीत नव्हतं."

इथे बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी प्लेटोचा समाचार घेतलेला आहे. चातुर्वर्ण्य जन्मावर नको, गुणांवर ठेवा, असे म्हणणारे सुधारक त्या काळी होते. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की, ही कल्पना प्लेटोच्या तीन वर्गांसारखीच आहे, आणि दोष दोन्हीकडे एकच आहे. माणसांना तीन किंवा चार खणांत भरता येत नाही. प्रत्येक माणूस वेगळा, प्रत्येकात नाना गुण आणि प्रवृत्ती असतात. कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई यांनीही 1916 च्या आपल्या ग्रंथात प्लेटोवर हीच टीका केली होती. व्लास्टोस यांनी पुढे प्लेटोच्या प्रेमविचारावर लिहिताना त्याच जागी बोट ठेवले. प्लेटो माणसातल्या गुणावर प्रेम करायला सांगतो, पण गुणदोषांसकट जो अख्खा माणूस आहे, त्याला त्या प्रेमात जागा नाही. वाटा वेगळ्या, पण पोचले एकाच ठिकाणी. म्हणून ज्यांना वाटते की बाबासाहेबांच्या अनुयायांचा ग्रीकांशी काय संबंध, त्यांनी 'जातिनिर्मूलन' पुन्हा उघडून पाहावे.

तरी व्लास्टोस यांनी प्लेटो टाकून दिला नाही, हे लक्षात घ्या. पुढची पन्नास वर्षे तेच वाचत राहिले. कारण प्लेटोच्याच एका संवादात दुसरी गोष्टही आहे. 'मेनो' नावाचा तो संवाद. सॉक्रेटिस मेनोच्या घरच्या एका गुलाम मुलाला पुढे बोलावतो. मुलाचे नावसुद्धा दिलेले नाही. सॉक्रेटिस जमिनीवर दोन फूट बाजूचा चौकोन काढतो. त्याचे क्षेत्रफळ चार. विचारतो, याच्या दुप्पट, म्हणजे आठाचा चौकोन करायचा तर बाजू किती घेशील? मुलगा म्हणतो, दुप्पट, चार फूट. पण चार चोक सोळा! मग म्हणतो, तीन फूट. तीन त्रिक नऊ! मुलगा अडतो, म्हणतो, मला कळत नाही. मग सॉक्रेटिस विचारत विचारत त्याला कर्णापर्यंत नेतो. पहिल्या चौकोनाच्या कर्णावर चौकोन काढला की तो बरोबर आठाचा होतो, हे मुलगा स्वतः ओळखतो. आमच्या बालवर्गातल्या पोरांनी घरी कागदाची घडी घालून करून पाहावे.

प्लेटो यावरून आत्मा आधीच सगळे जाणतो वगैरे सिद्धान्त काढतो. तो आपण बाजूला ठेवू, आपण आत्मा मानत नाही. पण एक विचार करा. गुलामाला लोगोस नसतो म्हणणाऱ्याच्या पुस्तकात गुलामाचे पोर भूमिती समजून घेते. चुकते, अडते, आणि कारण समजून उत्तर देते. पुढे काय? काही नाही. मोठी माणसे आपली चर्चा चालू ठेवतात आणि मुलगा संवादातून नाहीसा होतो. त्याला दुसऱ्या दिवशी कोणी शिकायला बोलावले नाही. आम्हाला त्या पोराची फार आठवण येते. आमच्या बापजाद्यांत अशी किती पोरे होऊन गेली असतील!

आता आणखी एक गोष्ट सांगतो, जी आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसांनी शिकण्यासारखी आहे. 1950 नंतरच्या काळात व्लास्टोस यांनी सॉक्रेटिसवर एक अख्खे पुस्तक लिहून काढले. पुन्हा वाचल्यावर त्यांच्या लक्षात आले की, हे जमलेले नाही. त्यांनी ते छापलेच नाही, बाजूला टाकले. सॉक्रेटिसवरचे त्यांचे मोठे पुस्तक बाहेर आले ते 1991 साली, ज्या वर्षी ते वारले त्याच वर्षी. तसेच, सॉक्रेटिस 'मला ज्ञान नाही' असे म्हणतो याचा जो अर्थ त्यांनी 1956 साली एका प्रस्तावनेत छापला होता, तो चुकीचा होता असे ठरवून 1985 साली त्यांनी नवा अर्थ मांडला. स्वतःचीच चूक, एकोणतीस वर्षांनी, जगासमोर! आणि त्यांचे शिष्य टेरेन्स अर्विन यांनी जेव्हा गुरूच्या विरुद्ध मत मांडणारे पुस्तक लिहिले, तेव्हा 1978 साली लंडनच्या एका साहित्यविषयक साप्ताहिकात गुरू-शिष्यांचा पत्रांमधून जाहीर वाद झाला. कोणी कोणाचा बहिष्कार केला नाही, कोणी वेगळा गट काढला नाही. आमच्याकडे जयंतीच्या वर्गणीवरून दोन मंडळे होतात! आम्ही स्वतःलाही यातून वगळत नाही. 1990 साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा मान त्यांना मिळाला, तोही काम चालूच असताना.

या माणसाने फक्त जुनेच उकरले असेही नाही. 1962 साली न्याय आणि समता यावर त्यांनी निबंध लिहिला. त्यातले उदाहरण आम्हाला फार पटले. न्यूयॉर्कच्या एका नागरिकाला गुंडांच्या टोळीकडून ठार मारण्याची धमकी येते. पोलीस त्याच्या रक्षणासाठी माणसे लावतात. इतर नागरिकांच्या शंभरपट खर्च त्या एकावर होतो. मग हा समतेचा भंग झाला का? व्लास्टोस म्हणतात, नाही. त्याचा हक्क इतरांपेक्षा मोठा आहे म्हणून हा खर्च होत नाही. सुरक्षिततेचा हक्क सगळ्यांचा सारखाच आहे, आणि त्याच्यावर धोका जास्त आहे, म्हणून तो सारखेपणा टिकवायलाच जास्त खर्च लागतो. तो माणूस लायक आहे की नालायक, हे कोणी विचारत नाही. माणूस आहे एवढे पुरे. ज्या तरुणांना कॉलेजात 'तुम्हाला सवलत का' असे टोचून विचारले जाते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. रागावू नये, शांतपणे समजावून सांगावे.

त्यांच्या लिखाणात आमच्या मनाला लागलेली शेवटची गोष्ट. 1987 साली बर्कलेला विद्यार्थ्यांसमोर त्यांनी भाषण केले, विषय सॉक्रेटिस आणि व्हिएतनाम. इ. स. पूर्व 427 मध्ये अथेन्सच्या लोकसभेने ठराव केला होता की, बंड केलेल्या मिटिलीनी शहरातले सगळे पुरुष मारून टाकावेत आणि बायका-मुलांना गुलाम करावे. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला, पुन्हा मतदान झाले, थोड्या मतांनी ठराव फिरला आणि मागाहून पाठवलेले जहाज कसेबसे वेळेवर पोचले. व्लास्टोस विचारतात, अपकाराला अपकाराने उत्तर देऊ नये असे सांगणारा सॉक्रेटिस त्या दिवशी सभेत का बोलला नाही? ज्याच्या अभ्यासात आयुष्य घातले त्यालाच हा प्रश्न! आमच्या मते हीच खरी शिष्याची वागणूक. तथागतांनी कालामांना काय सांगितले ते आपण दर पौर्णिमेला ऐकतो. ऐकतो खरे, वागताना विसरतो.

आता त्या बंधूंच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, ग्रीक शिकून पोट भरतं का? आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, वर्षे पुष्कळ जातात, आणि आपल्या घरात एका पगारावर पाच तोंडे असतात. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या गिरणीची यंत्रे थांबली, त्यानंतर आमच्या घरी काय झाले ते आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा बापाची काळजी खोटी नाही. मुलीलाही आम्ही हेच सांगितले की, नेट-सेटची तयारी कर, शिष्यवृत्तीच्या तारखा चुकवू नकोस, आणि शिकवण्या घेऊन घराला हातभार लाव. तिने ते कबूल केले आहे.

पण दादा, तुम्ही दुसरा जो प्रश्न विचारलात, आपल्या लोकांसाठी आहे का, त्याला आमचे उत्तर स्पष्ट आहे. व्लास्टोस यांनी दाखवले ते त्यांना ग्रीक वाचता आले म्हणून. बाबासाहेबांनी शास्त्रे उलगडली ती त्यांनी ती स्वतः वाचली म्हणून. ज्या पुस्तकात आपल्याला विवेक नाही असे लिहिले आहे, ते पुस्तक मूळ भाषेत वाचून जाब विचारणारे कोणी आपल्या घरातले नको का? आम्ही साच्यावर उभे राहून ते करू शकलो नाही. आम्हाला इंग्रजीच अजून अडखळत वाचता येते.

समितीपुढे आमची एवढीच विनंती आहे. विहाराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि दोन खुर्च्या रात्री अकरापर्यंत अभ्यासासाठी मोकळ्या ठेवाव्यात. किल्ली आम्ही सांभाळू, आता आम्हाला पाळी नाही. आणि दर रविवारी संध्याकाळी त्या मुलीने आम्हा मोठ्या माणसांना एक तास शिकवावे. आम्ही प्रश्न विचारू, ती उत्तरे देईल. नाही आली तर पुढच्या रविवारी शोधून आणेल. मुलीच्या वडिलांना आम्ही पहिल्या खुर्चीचे आमंत्रण देतो. एम. ए. चा अर्ज भरायला अजून नऊ दिवस आहेत.

 काही चुकले असेल तर उभे राहून विचारावे, घरी जाऊन बोलू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!